भिंगाच्या कडेचं कुंकू

कॅमेऱ्याचं शटर शेवटी मीच दुरुस्तीला खोललं, कारण कोल्हापुरात ज्या दुरुस्तीवाल्याला विचारलं त्यानं हात जोडले. एकानं तर "पावणं, शोकेसमध्ये ठेवा की" असा सल्ला दिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाबांना त्यांच्या त्याच जुन्या, घडी घालून मिटणाऱ्या कॅमेऱ्यानं आईचा फोटो काढायचा होता. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी त्यानं टिपली, आणि आईचा म्हणावा असा फोटो आधार कार्डावरचा तेवढा. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचं मन पांगलं होतं. नातवंडांची नावं विसरली, हे मागणं मात्र विसरले नव्हते. रोज सकाळी विचारायचे, "झाला का रं नीट?"

व्हिडिओ बघत बघत मी पुढचं भिंग फिरवून काढलं. आत शटरची पाती, कागदाहून पातळ, एकमेकांना घट्ट चिकटलेली. घड्याळवाल्याकडून आणलेलं पांढरं पेट्रोल कापसावर घेऊन पुसलं, तर बोळा लालभडक.

"रगात हाय का रं ते?" आईनं दारातून विचारलं. जवळ येऊन बघितलं आणि तिथंच खाली बसली. "माझं कुंकू की रं हे."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांबरोबर कॅमेराही पुजायचे. आधी बाबा त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचे, मग आई भिंगाच्या कडेला हळदकुंकू लावायची. तेच त्याचं कपाळ, असं तिचं म्हणणं. वर्षानुवर्षं ते कुंकू तेलात मुरत गेलं आणि आत नुसता चिखल झाला. मला दोघांचाही राग आला, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना.

पाती ओली होती तोवर शटर छान चाललं. बाबांच्या कानाशी धरून वाजवलं, तसे ते हसले. त्या हसण्यानंच मी घाई केली. रोल भरला. आई हिरवी साडी नेसून अंगणात बसली. बाबांचे थरथरते हात मी खालून धरले.

"हलू नगंस," त्यांनी आईला दरडावलं आणि खटका दाबला. मी बाजूनं भिंगात बघत होतो. पाती जागची हलली नाहीत. पेट्रोल वाळलं तशी ती पुन्हा चिकटून बसली होती.

"झालं," बाबा समाधानानं म्हणाले.

संध्याकाळी मी परत साफ करायला घेतलं आणि चिमट्यात एक पातं मोडलं. दुसरं कुठून आणणार? मी तसाच टेबलावर डोकं टेकून बसलो. झटक्याच्या दिवशी दवाखान्यात धावपळ तरी करता आली होती, आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

बाबा रोज फोटो मागायला लागले, म्हणून वेड्या आशेनं रोल पुण्याला धुवायला पाठवला. परत आला तो काचेसारखा कोरा. मी लपवणार होतो, पण पाकीट त्यांच्या नजरेला पडलं. जुन्या सवयीनं त्यांनी फिल्मची पट्टी कडांना धरून खिडकीच्या उजेडात नेली. बराच वेळ बघितली. मग आईकडं वळून, गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले,

"डोळं मिटलंस की गं."

आईनं पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाली, "मग परत काढा की."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. "कॅमेरा नीट हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग आण की."