पेण ते रोहा, विकायला काढलेल्या गाडीतून

सासऱ्यांची जुनी मोटार विकायची हे मी ठरवलं. सुहासने, म्हणजे नवऱ्याने, नुसती मान डोलावली आणि त्या रात्री नीट जेवला नाही. रोह्याच्या सलीमभाईंना जुन्या गाड्यांचा शौक, म्हणून शनिवारी सकाळीच पनवेलहून निघालो.

जोह्याच्या फाट्यापाशी समोर गणपतींचा टेम्पो. सुहासने ब्रेक दाबला तर पॅडल थेट तळाला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, तेव्हा कुठे गाडी थांबली. शेवटची मूर्ती आमच्या बॉनेटपासून वीतभर लांब!

"आता तरी पटलं?" मी ओरडले.

पेणला पोह्याचे पापड जरूर घ्या. आम्ही ते घेऊन नंदू मिस्त्रीचं गॅरेज गाठलं. "ब्रेकच्या लायनीत हवा शिरलीय," तो म्हणाला. "तुमचा सगला जोर हवाच दाबण्यात जातोय. वैनी, तुम्ही बसा पॅडलवर. सायबांना जरा दम खाऊ द्या."

मी पॅडल पंप करून दाबून धरायचं, त्याने चाकापाशी स्क्रू सैल करून हवा सोडायची. स्क्रू आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही.

"मारा, मारा, मारा... धरा!"

तेवढ्यात सुहास खिडकीशी आला. "अगं, सलीमभाईंना फोन करू का?"

मी वळले आणि पाय सुटला.

"घेतली ना हवा परत!" खालून नंदू. "सायेब, वैनींनी धरलंय तवर त्यांच्याशी बोलायचा नाय!"

सुहास तोंडावर बोट ठेवून उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला कधी जमलं नव्हतं. चौथ्या चाकाला पॅडल अर्ध्यातच थांबलं, तळव्याला घट्ट लागलं. मला इतका आनंद झाला की उगाच आणखी दोनदा दाबून पाहिलं.

वडखळच्या अलीकडे सुहासने सवयीने जीव खाऊन ब्रेक मारला. पापड काचेवर, मी पापडांवर. त्याला उठवून मीच चालवायला बसले. नागोठण्याहून पुढे भिसे खिंड लागते, तिथे दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. मी गाणं म्हणत उतरले.

रोह्यात सलीमभाईंनी पॅडल दाबून पाहिलं. "कडक हाय! आजच घेतो."

सुहासने भलतीकडे बघत किल्ली पुढे केली. मला एकदम रडू आलं. किल्ली मीच हिसकावली. "माफ करा, विकायची नाही."

"अगं, पण तूच..."

"ऱ्हाऊ दे," सलीमभाई हसले. "जेवून तरी जा."

पोटरी अजून दुखतेय. गाडी आता मीच चालवते. सुहास डाव्या सीटवर बसतो आणि पुढे म्हैस दिसली की दोन्ही पायांनी खालचा पत्रा दाबतो. गाडी थांबते. त्याला वाटतं, त्यानेच थांबवली. मी वाटू देते.