अंड्यांवर बसलेला बाप
करवतीनं कापलेल्या संत्र्याच्या लाकडाचा वास आला की परतवाड्याजवळचा आमचा बगीचा आठवतो. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्यांसमोर मी कधी बोलले नव्हते. एकदा ते वाळकी फांदी कापायला निघाले, आणि तिच्यावरच्या वाटीएवढ्या घरट्यात लांब शेपटीचं पांढरं पाखरू बसलं होतं. “मामाजी, थांबा! अंडे हायेत त्यात!” मी ओरडलेच. ते हसले, “नर हाय तो, पोरी. बाप कधी अंड्यावर बसते का?” “बसते! दोघं पाळीपाळीनं बसतात. मी रोज पाहून राहिली.” तेवढ्यात तो उडाला आणि तांबूस मादी येऊन घरट्यात बसली. सासऱ्यांनी करवत खाली ठेवली. पुढं तीन पिल्लं उडाली. शेजाऱ्यानं त्या पाखराबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “पाखराचं मले नको, सुनेले इचार.” मी अजूनही कमीच बोलते, पण त्या दिवशीचा माझा आवाज मला फार आवडतो.