शहात्तर हजार सातशेचा आवाज

३० जून २०२२ रोजी ललिता कांबळेच्या पगारातून एक हजार चारशे पंच्याहत्तर रुपये कापले गेले. असे सव्वीस हप्ते जाणार होते. शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत ती टेलिफोनवर बसायची. हे पैसे कसले कापतात, असं कुणी विचारलं की ती "आवाजाचे" एवढंच सांगायची आणि हसायची. ते हसणं ज्यांना कळायला हवं होतं, त्या बाळासो मॅनेजरना ते दोन वर्षं कळलं नाही.

ललिता मूळची गडहिंग्लजची. वडील धोंडीराम तिथल्या बाजारात हमाल होते. आठव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. अंधशाळा झाली, मग लेखनिक घेऊन ती बी.कॉम. झाली, तेही पहिल्या वर्गात. आकडे तिच्या डोक्यात रकाने पाडून बसत. पतसंस्थेत अपंगांच्या जागेवर तिला नोकरी लागली, आणि एवढं शिकूनही अकरा वर्षं तिने केलं काय, तर "नमस्कार, कोण पाहिजे?"

संगणक ती एका शिबिरात शिकली. पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. माऊस लागत नाही, सगळं काम कळफलकावर चालतं. त्यात नावाजलेले दोन. जॉज विकत घ्यावा लागतो, तो महाग. एनव्हीडीए फुकट मिळतो. ललिताच्या घरी नऊ वर्षं एनव्हीडीए होता. त्याच्यावर ती बहिणीच्या सोसायटीचे हिशेब लिहायची आणि वर्तमानपत्र वाचायची.

त्या वर्षी कर्ज विभागातला कारकून निवृत्त झाला. ललिताने त्या टेबलासाठी अर्ज केला. बाळासोंनी तिला आत बोलावलं.

"त्या टेबलावर कॉम्प्युटर चालवाय लागतो, बाई."

"येतो की मला, साहेब. तेवढा एनव्हीडीए टाकून द्या. फुकट हाय."

"फुकट?" बाळासोंची खुर्ची करकरली. "मग ऑडिटरला काय दाखवू? शून्य रुपयाची तीन कोटेशनं आणू व्हय?"

ललिताने शांतपणे समजावलं. जॉज वाईट नाही. मोठे तक्ते त्यात बरे वाचता येतात, अडलं तर फोनवर माणूस भेटतो. पण संस्थेचं सॉफ्टवेअर फुकटचा नीट वाचतो, मराठी वाचतो, आणि तिचा हात त्यावर बसलेला आहे. खर्चच करायचा तर एक चांगला स्कॅनर घ्या, म्हणजे कर्जदारांचे कागद तिला वाचता येतील.

"फुकटच्या वस्तूचा आन् आंधळ्या माणसाचा भरवसा न्हाय," बाळासो म्हणाले, आणि तेही बाहेर काउंटरवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बाहेर तिघं हसले. कोण कोण हसलं ते ललिताने ओळखून ठेवलं.

शेवटी ठरलं ते असं. संस्था जॉज घेणार, किंमत करासकट शहात्तर हजार सातशे. निम्मे संस्थेचे, निम्मे ललिताच्या पगारातून. मग टेबल तिचं. अन्याय आहे हे तिला समजत होतं. पण ते टेबल तिला हवंच होतं. तिने सही केली.

माल पुरवला अमरसिंहने. शाहूपुरीत त्याचं संगणकाचं दुकान होतं, आणि तो बाळासोंचा साडू होता. तो गुळगुळीत कागदाचा डबा घेऊन आला. डबा सगळ्या ऑफिसभर फिरला. मग त्याने ललिताच्या टेलिफोनच्या टेबलावर संस्थेचा लॅपटॉप ठेवला आणि त्यात प्रोग्राम टाकून सुरू केला.

स्पीकरमधून चार सूर आले, खालून वर चढत जाणारे. मग एक बारीक, पत्र्याचा आवाज बोलू लागला.

ललिताची बोटं कळांवर तशीच राहिली. घराच्या कडीचा आवाज ओळखावा तसे ते चार सूर तिला ओळखीचे होते. हा एनव्हीडीए होता. अमरसिंहने पडद्यावरचं चित्र बदललं होतं, नाव बदललं होतं, डबा छापून आणला होता. डोळ्याला दिसेल ते सगळं त्याने बदललं. आवाज तेवढा तसाच ठेवला, कारण तो त्याने स्वतः कधी कान देऊन ऐकलाच नव्हता.

"कसा वाटतोय, ताई?"

"ओळखीचा वाटतोय."

"व्हय, सवय हुईल तशी."

त्या संध्याकाळी धाकटी बहीण निशा चिडून उठली. ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. "आक्का, उद्याच्या उद्या सांग की सगळ्यांना!"

"उद्या सांगितलं तर साडू म्हणणार, चुकून दुसरंच पडलं. डबा बदलून देणार, चहा पाजणार, मिटलं. एक बिल म्हणजे चूक, निशा. त्याला पुढच्या वर्षी दुसरं करू दे. त्याच्याच हातानं."

"आन् तोवर तुझा पगार?"

"कापू देत. एकेक हप्ता त्यांच्याच नावावर चढतोय."

टेबल तिला मिळालं नाही. तीन महिन्यांनी बाळासो म्हणाले, आधी सराव करा. सहा महिन्यांनी म्हणाले, बोर्डाची मंजुरी यायची आहे. मग टेबलावर "तात्पुरता" म्हणून दुसराच माणूस बसला. त्या दिवशी रडू येईल असं ललिताला वाटलं होतं. आलं नाही. उलट आत काहीतरी घट्ट आणि गार होऊन बसलं, आणि ते तिला आवडलं. फोनवरचा तिचा आवाज पूर्वीपेक्षा गोड झाला. बाळासो पाहुण्यांना सांगू लागले, "आमची ललिता म्हणजे गरीब गाय."

जून २०२३ मध्ये अमरसिंहने नूतनीकरणाचं बिल लावलं, पाच हजार नऊशे. जून २०२४ मध्ये पुन्हा तेवढंच. दोन्ही वेळा ललिताने बाळासोंकडे प्रत मागितली.

"तुम्हाला कशाला वो कागद? वाचणार कोण?"

"असू द्या साहेब, माझ्या फायलीला."

घरी निशाने बिलं वाचून दाखवली. त्यावर परवान्याचा क्रमांक होता. ललिताने तो जॉजच्या अधिकृत विक्रेत्याला ईमेलने कळवला. नवव्या दिवशी उत्तर आलं की असा क्रमांक आमच्याकडून कुणालाही दिलेला नाही. निशाने त्या उत्तराच्या तीन प्रती काढल्या.

३१ जुलैला सव्विसावा हप्ता कापला गेला. वार्षिक सभा २५ ऑगस्टला होती. ललिता संस्थेची सभासदही होती. मुदतीत तिने लेखी विषय दिला: 'आवाजाच्या प्रोग्रामवरील खर्चाची माहिती सभासदांना प्रात्यक्षिकासह द्यावी.' बाळासो खूश झाले. त्यांना वाटलं, बाई जाहीर आभार मानणार. त्यांनी अमरसिंहला इस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं आणि दोन हार मागवले.

सभेत अध्यक्ष गणपतरावांनी विषय पुकारला. ललिता पुढे आली. निशाने टेबलावर दोन लॅपटॉप ठेवले. ललिताने माईक पहिल्याजवळ धरला. चार सूर वाजले, आवाज बोलला.

"हा संस्थेचा. किंमत शहात्तर हजार सातशे."

माईक दुसऱ्याजवळ गेला. तेच चार सूर आले, तोच आवाज.

"हा माझ्या घरचा. किंमत काही नाही."

ललिताने संस्थेच्या लॅपटॉपवर दोन-तीन कळा दाबून प्रोग्रामची आतली यादी उघडली, ती बदलायची अमरसिंहकडून राहिली होती. आवाजाने स्वतःचं खरं नाव सांगितलं, एनव्हीडीए. मग यादीतला पुढचा शब्द वाचला, "देणगी द्या."

"म्यानेजर," मागून कुणीतरी ओरडलं, "तुमी लई मोठी देणगी दिलीसा की!"

हशा पिकला. ललिता तो संपेपर्यंत थांबली. तिला घाई नव्हती. मग निशाने विक्रेत्याचं पत्र गणपतरावांच्या हातात दिलं. तेवढ्यात ललिता माईकवर म्हणाली, "अमरसिंहदादा निघाले वाटतं. दाराकडं त्यांचा बूट करकरतोय. बसा की दादा, हार यायचे हायेत."

दाराजवळच्या सभासदांनी अमरसिंहला खाली बसवलं. बाळासो ताडकन उठले. "दोन वर्षं ही गप का बसली, इचारा! ही बी सामील हाय!"

"पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं," ललिता म्हणाली. "तवाच बोलले असते तर तुम्ही त्याला चूक म्हणाला असता. आता तीन बिलं हायेत, सव्वीस हप्ते हायेत. आता ती चोरी हाय."

बोर्डाने निकाल केला. बाळासोंची मॅनेजरकी गेली आणि चंदगड शाखेत बदली झाली. अमरसिंहने अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे परत करायचे ठरले. ललिताला तिचे अडतीस हजार तीनशे पन्नास संस्थेने एकरकमी दिले. माहीत असून गप्प राहिली म्हणून तिलाही मेमो मिळाला आणि एका वर्षाची वेतनवाढ गेली. तिने तो खर्च आधीच धरला होता. एक ऑक्टोबरला ती कर्ज विभागाच्या टेबलावर बसली. संगणकावर एनव्हीडीएच होता, आणि शेजारी नवा स्कॅनर.

पुढच्या उन्हाळ्यात एक अर्ज आला. कर्मचारी कर्ज, घराचं छप्पर दुरुस्ती, अर्जदार बाळासो. ललिताने ते नाव आवाजाकडून दोनदा वाचून घेतलं. मग अर्ज परत पाठवला, दुसऱ्या जामीनदाराचा पत्ता जुना होता. पुन्हा आला, पुन्हा परत गेला, पगाराचा दाखला तीन महिन्यांपूर्वीचा होता. तिसऱ्यांदा एका पानावर सही नव्हती. प्रत्येक कारण नियमात बसणारं होतं. तिने नियमाबाहेर एक अक्षरही लिहिलं नाही.

चौथ्या वेळी चंदगडहून फोन आला. मागे पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

"ललिताताई, छप्पर गळतंय वो. आता तरी..."

"मोठ्यानं बोला साहेब, ऐकू येत न्हाय."

"ताई, छप्पर गळतंय!" बाळासो ओरडले. चंदगडच्या ऑफिसात आजूबाजूचे सगळे गप्प झालेले तिला फोनमधून कळलं.

"कागद आता पूर्ण हायेत. मुदतीत होईल."

मुदत तीस दिवसांची होती. तिने अर्ज तिसाव्या दिवशी दुपारी मंजुरीला पाठवला, आणि कर्ज मिळालं.

अमरसिंहने आपली रक्कम सात वेळा मिळून जवळजवळ सगळी भरली. संस्थेच्या वतीने ललिता त्याला दर महिन्याच्या एक तारखेला स्मरणपत्र पाठवते. त्याच्याकडून दोनशे चाळीस रुपये अजून येणे आहेत.