दसऱ्याला धुतलेली पिकअप

बाळांनो, नेरूळला आमच्या खालच्या मजल्यावर साताऱ्याचं एक जोडपं राहत असे. परदेशातून आणलेल्या एका जुन्या पिकअपवर त्यांचं घर चाले. एका दसऱ्याला नवरा झेंडू आणायला गेला, तेव्हा बायकोने बॉनेट उघडून इंजिनही पाइपने स्वच्छ धुतलं. त्यानंतर गाडी सुरूच होईना.

इंजिनाचा कारभार सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी जळली होती. नवी पेटी यायला आठवडा लागला. बायको धड जेवत नव्हती, पण इंजिन धुतल्याचं नवऱ्याला सांगायचीही हिंमत नव्हती. तिने फक्त मला सांगितलं.

गाडीचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून मेकॅनिकने मला खाली बोलावलं. मी वाचून सांगत होते, तो वायर जोडत होता, नवरा-बायको शेजारी उभे होते. पुढची ओळ होती : इंजिनावर पाणी मारू नये.

"काकू, पेटी जळते तरी कशानं?" नवऱ्याने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. शब्दन्‌शब्द वाचणाऱ्या मी ती ओळ गाळली.

"जुनी गाडी आहे, होतं असं," मी म्हणाले.

पिकअप सुरू झाली. जिन्यात मी तिला बजावलं, "पुढच्या वर्षी ओलं फडकं फिरव."

"फडकं कशाला, काकू? आता लांबूनच नमस्कार करते!"