दोनशे चाळीस वॉटची बस

मी चाकणच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल पॅनेल डिझाइन करते. कुठल्या मोटरला किती करंट लागेल, वायर किती जाडीची हवी, सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या तर मेन स्विच तग धरेल का, याचा हिशेब मांडायचा आणि खाली सही ठोकायची. सतरा वर्षं हेच करतेय. एखादं गिऱ्हाईक "मॅडम, थोडं इकडंतिकडं चालतं हो" म्हणालं, की मी असं काही सुनावते की पुढच्या मीटिंगला ते दुसऱ्याच कुणाला तरी पाठवतं. अशी माझी ख्याती. घरच्या कॉम्प्युटरने ती कशी धुळीला मिळवली, ते सांगते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आईबरोबर तळेगाव दाभाडेला राहतात. एकतीस वर्षं त्यांनी कंपनीची बस चालवली. पहिल्या शिफ्टची माणसं चाकणला न्यायची, सुटलेली परत आणायची. रिटायर झाल्यावरही कुणाच्या लग्नाची गाडी, कुणाला दवाखान्यात ने, असं चालू होतं. मग काचबिंदूने डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. अण्णांनी वाद घातला नाही. घरी येऊन लायसन्स कपाटात ठेवलं, गॅलरीत खुर्ची टाकली आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "क्लच जाळतोय बघ." "ह्याला लायसन कुनी दिलं?" आईने दोन महिने ऐकलं. मग मला फोन केला. "यांना कुठंतरी गुंतव बाई. नाहीतर मी गॅलरीला कुलूप घालते."

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, बस चालवायचा एक कॉम्प्युटर गेम असतो, त्याला खरं स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल जोडता येतात. मी लगेच स्टिअरिंग मागवलं. कॉम्प्युटरचा विचार नंतर केला. घोडं आणायच्या आधी लगाम घेणाऱ्यांपैकी मी एक. कॉम्प्युटर मिळाला तो आमच्याच कंपनीने भंगारात काढलेला: अकाउंट्सवाल्यांच्या टेबलावर नऊ वर्षं चालान छापलेला, वह्यांच्या गठ्ठ्याएवढा बारका काळा डबा. इतक्या सात्त्विक आयुष्यानंतर तो बस ओढेल, असं मला का वाटलं कोण जाणे.

गेम सुरू झाला. अण्णांनी स्टिअरिंग धरलं, गियर टाकला. पडद्यावर बस एका जागी दिसली, मग बऱ्याच वेळाने पुढच्या जागी दिसली.

"ही बस चाललीया का कुनी फोटू दाखवतंय?" अण्णांनी विचारलं.

सहकारी म्हणाला, ग्राफिक्स कार्ड टाका. पडद्यावरचं चित्र भराभर काढण्याचं काम ते करतं. गुरुवारी, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या सुट्टीच्या दिवशी, मी चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला. "पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे, मॅडम?"

भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वाटणारा तो डबा. मी तो पाहिलासुद्धा नव्हता. आणि मी, जी सतरा वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारत आले, ती म्हणाले, "पुरेसा आहे. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे."

इंजिनिअरपुढे कोण बोलणार? त्याने दोन पंख्यांचं, विटेएवढं कार्ड दिलं.

तळेगावला पोचल्यावर कळलं, की वीट वहीत मावत नाही. मी झाकण उघडं ठेवलं. "हवा खेळती राहते," असं आईला सांगितलं. मग दिसलं की कार्डाला विजेची वेगळी वायर लागते आणि या डब्यात ती नाहीच. मी पुन्हा बाजारात जाऊन एक जोडवायर आणली. हार्डडिस्कसाठी ठेवलेल्या बारीक वायरीतून वीज काढून ती कार्डाला पाजायची, अशी ती सोय. एखाद्या पोराने कंपनीत असलं ड्रॉइंग माझ्यासमोर ठेवलं असतं, तर मी ते त्याच्यासमोरच फाडलं असतं.

अण्णा भिंग घेऊन बाजूला वाकले होते. चांगला डोळा सप्लायच्या स्टिकरवर लावून त्यांनी वाचलं. "दोनशे चाळीस वॅट." मग कार्डाचा खोका उचलला. "हितं तर साडेचारशे पायजे म्हनत्यात."

"ते सगळं वाढवून लिहितात, अण्णा. थोडं इकडंतिकडं चालतं."

वाक्य तोंडातून गेलं. ते कुणाचं वाक्य होतं हे कळायला मला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

गेम चालू झाला आणि खरंच, काय देखणं चित्र! काचेवर ऊन, रस्त्याकडेला झाडं, स्टॉपवर माणसं. अण्णा ताठ बसले. बस डेपोतून निघाली, गाव मागे टाकलं, घाटाचा चढ लागला आणि कॉम्प्युटर बंद पडला. पडदा काळा. पुन्हा चालू केला. पुन्हा चढावर बंद. तिसऱ्यांदा त्याच वळणावर.

"चढाला दम सोडतीया," अण्णा म्हणाले. "लोड कमी कर."

मी सेटिंगमध्ये जाऊन सावल्या काढल्या. मग झाडं विरळ केली. मग पाऊस बंद केला. शेवटी प्रवाशांची संख्या शून्यावर आणली. बस चढ चढली. अण्णा एका स्टॉपवर थांबले, दार उघडलं, वाट पाहिली. कुणी चढलं नाही. दार लावून ते पुढच्या स्टॉपला गेले. तिथेही तेच.

"मानसं कुटं गेली?"

"काढून टाकली. वीज पुरत नव्हती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादी कंपनी आहे आणि खर्च वाचवायला कामगारच काढून टाकले आहेत. आमच्या पट्ट्यात ही कल्पना तशी नवीन नाही. "मग मी गाडी कुनासाटी चालवू?"

मी प्रवासी परत आणले. दहा मिनिटांत काहीतरी जळल्याचा वास आला. मी "धूळ असेल" म्हणायच्या आत अण्णांनी उठून भिंतीतला स्विच बंद केला आणि पिन उपसली. जोडवायरीचं प्लास्टिक एका कडेला मऊ होऊन तपकिरी पडलं होतं. ते त्यांनी उचलून माझ्यासमोर धरलं.

"कंपनीतबी सही करताना असंच करतीस का?"

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. आई स्वयंपाकघरातून "काय झालं?" म्हणाली आणि आम्ही दोघंही "काही नाही" म्हणालो. रावेतला माझ्या घरी परतताना मी स्वतःशी बरेच मुद्दे मांडले. मी बापासाठीच करत होते, सुट्टीचा दिवस घातला होता, वगैरे. एकही मुद्दा टिकला नाही.

तरी अक्कल आली म्हणता? पुढच्या आठवड्यात मी मोठा पॉवर सप्लाय उसना आणला. तो त्या बारक्या डब्यात बसेना, आणि बसवून तरी काय, या कॉम्प्युटरच्या मुख्य वायरीचं टोकच निराळं होतं. बनवणाऱ्याने आपला सप्लाय सोडून दुसऱ्या कुणाचा लागू नये अशी चोख व्यवस्था केली होती. मी हात टेकले आणि म्हटलं, आता नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागेल.

सोमवारी मी कामावर असताना अण्णांनी सप्लायवरचा आणि खोक्यावरचा प्रत्येक आकडा कागदावर उतरवला, डब्याची रुंदी टेपने मोजली, कार्ड बिलासकट पिशवीत घातलं आणि लोकलने चिंचवड गाठलं. हे मला नंतर दुकानदाराकडून कळलं. त्यांनी कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "इंजिन बदलायचं न्हाई. ह्या इंजिनावर ओढंल अशी बॉडी द्या."

दुकानदाराने जुनं कार्ड परत घेतलं आणि एक छोटं, अर्ध्या उंचीचं कार्ड काढलं. त्याला वेगळी वायरच नको, ज्या खाचेत बसतं तिथूनच लागेल तेवढी वीज घेतं. "हे मी मॅडमना पहिल्याच दिवशी देणार होतो," तो म्हणाला, "पण त्या इंजिनिअर आहेत म्हणाल्या." हे वाक्य अण्णांनी घरी सगळ्यांना सांगितलं. आत्याला फोन करून सांगितलं.

कार्ड त्यांनी स्वतः बसवलं. झाकणसुद्धा लागलं. सावल्या नाहीत, झाडं थोडी पुसट, पण घाट पार होतो आणि स्टॉपवर माणसं असतात. अण्णा चाळीसच्या वर जात नाहीत. लांबून कुणी पळत येताना दिसलं तर दार उघडं ठेवून थांबतात. गेम दर वेळी उशिराचे गुण कापतो, ड्रायव्हर म्हणून त्यांना सर्वांत खालचा दर्जा देतो. आई शेजारी बसून शेंगा सोलता सोलता ते वाचून दाखवते. "अहो, पुन्हा नापास केलंय तुम्हाला." "करू दे," अण्णा म्हणतात. "मानूस सुटला तर त्याची हजेरी बुडती. ह्या येड्याला काय कळतंय?"

परवा त्यांच्या सोसायटीतल्या एका काकांचा फोन आला. नातवाच्या कॉम्प्युटरला कार्ड टाकायचं होतं, अण्णांना विचारायचं होतं, पण ते फोन उचलत नव्हते. बहुतेक घाटात असावेत. मी म्हटलं, "काका, माझंही हेच क्षेत्र आहे. सांगा ना, सप्लाय किती वॉटचा आहे?"

"नको नको," काका घाईने म्हणाले. "ते मोकळे झाले की मीच वर जाऊन विचारतो. तुला विचारू नको म्हणून त्यांनी मुद्दाम सांगितलंय."