भिंतीलगत उरलेला जोड

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अख्खी नोकरी विमा कंपनीत क्लेम तपासण्यात गेली... समोरच्यावर आधी संशय, मग चहा. पण या प्रकरणात साक्षीदार मीच आहे, तोही दुसऱ्याच्या चपला घालून पकडला गेलेला!

माझी बायको सुनीता मुलुंडच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं स्विमिंग कोच. (मला पोहता येत नाही. हसून घ्या.) तिचा नियम एकच — पाण्यात उतरण्याआधी चपला भिंतीलगत ओळीत काढायच्या. "डोकी हलतात, मोजताना चुकतात. चपला हलत नाहीत." सगळे बाहेर आले की भिंत रिकामी दिसली पाहिजे, त्याशिवाय ही पूल सोडायची नाही. इतक्या वर्षांत एकही पोर बुडालं नाही.

गेल्या मार्चमध्ये तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. संध्याकाळी साडेपाचला मी नाहूरहून केक घेऊन पोचलो. पूलवर बूट चालत नाहीत, म्हणून गेटवरच काढले आणि ओळीतल्या शेवटच्या चपला पायात सरकवल्या. पांढऱ्या, निळ्या पट्ट्याच्या, झिजलेल्या. आतून ओल्या. आणि माप अगदी माझं!

"अरे, कोणाच्या घातल्यास? काढ आधी! ओळीत ठेव!"

सुनीता ओरडली, तेही सगळ्या पोरांसमोर. ठेवल्या गुपचूप.

मग मी केकचा खोका उघडला आणि तिथेच वाट लागली. पोरं धडाधड बाहेर आली, चपला अडकवून टेबलाभोवती जमली. सुनीताने सुरी उचलली आणि सवयीने भिंतीकडे पाहिलं.

"एक जोड उरलाय. पाण्यात कोण आहे?"

"मॅम, सगळे आलो ना!"

"आजच्या दिवस तरी सोड गं," मी म्हणालो. केवढा शहाणा!

सुरी खाली पडली आणि ही नव्याकोऱ्या साडीसकट पाण्यात. उतरत्या उन्हाच्या चकाकीत तळ दिसतच नव्हता... वर आली ती तन्वीला घेऊन. फर्स्ट इयरची पोरगी. खोल बाजूला पायात गोळा आला होता. खोकली, पाणी ओकली, मग तिने असं भोकाड पसरलं की आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. डॉक्टरनेही तपासून ठीक आहे म्हटलं.

"बाळा, चपला दिसल्या म्हणून कळलं," सुनीता म्हणाली.

"पण मॅम, त्या माझ्या नाहीत. माझ्या चपलेचा अंगठा गेटबाहेरच तुटला, मी अनवाणी आले... सॉरी मॅम."

आम्ही वळून पाहिलं. भिंत रिकामी.

वॉचमन म्हणतो, कोणी बाहेर गेलं नाही. पोरांनी एकमेकांचे पाय तपासले. मीही जुन्या सवयीने सगळ्यांना उलटसुलट विचारलं — शून्य. आजही उत्तर नाही. फक्त एक विचार पाठ सोडत नाही... त्या दिवशी ओरडा न खाता मी त्याच चपला घालून फिरत राहिलो असतो तर?

घरी आल्यावर विचारलं, "कोणाच्या असतील गं?"

"माहीत नाही रे," ती केस पुसत म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या अनवाणी पायांकडे गेलं. "उद्यापासून मला मोजायला एकच जोड उरलाय, तुझ्या बुटांचा. आणि तोही तू मुलुंडला विसरून आलास!"