पुसलं तेवढंच सांग

आमच्या कंपनीने तंजावूरची शाखा बंद केली तेव्हा मी पंचावन्न वर्षांचा होतो. शेतीचे पंप विकणारी कंपनी, आणि मी तिथला हिशेबनीस. शेवटच्या दिवशी एक शाल, फळांची परडी आणि एक पत्र मिळालं. शाल मी त्याच दिवशी घडी करून कपाटात ठेवली. पत्र शेवटपर्यंत वाचलं ते आठ दिवसांनी. नोकरीबरोबर कुटुंबाचा आरोग्य विमाही संपला, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. नको ते जपायचं आणि हवं ते राहून जायचं, हा माझा जुना स्वभाव.

विमा मला स्वतःसाठी नको होता. मला साधी सर्दीसुद्धा धड होत नाही. बायकोचं मात्र वर्षभरापूर्वी रक्त तपासलं, तेव्हा मूत्रपिंडाचा आकडा थोडा वर आला होता. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण दर तीन महिन्यांनी तपासा. चढायला लागला तर वेळीच आवरता येईल. तिच्या थोरल्या बहिणीचं वेळीच आवरलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करता करता पापनाशमची त्यांची शेती गेली, आणि मग ती बाईही गेली. त्यामुळे आमच्या घरात विमा म्हणजे कागद नव्हता. पुढे काय वाढून ठेवलंय, ते त्यावर ठरणार होतं.

ओळखीचा एक एजंट होता, बँकेतून निवृत्त झालेला तमिळ गृहस्थ. तो घरी आला, कॉफी प्यायला, आणि पहिलंच वाक्य असं बोलला की मला तो आवडेनासा झाला. नोकरी सुटण्याआधी त्याच विमा कंपनीला अर्ज केला असता, तर ऑफिसचा विमा स्वतःच्या नावावर करून मागता आला असता, जुनी वर्षंही धरली असती. आता मुदत गेली. सरकारी योजनेत आमचं उत्पन्न बसत नव्हतं. म्हणजे गरीब म्हणायला आम्ही श्रीमंत, आणि श्रीमंत म्हणायला गरीब. उरला बाजार. या वयाला बाजारातले हप्ते ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात दर वर्षी एक किडनी मिळेल. तरी त्यातल्या त्यात परवडणारा एक विमा आम्ही निवडला.

अर्ज गेल्यावर कंपनीच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या तमिळमध्ये विचारत होत्या, आणि ही बातचीत रेकॉर्ड होत आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. फोन मधे ठेवून आम्ही दोघं बसलो होतो.

इथे आम्हा तंजावूरच्या मराठी माणसांची एक खोड सांगायला हवी. राजे गेले, दरबार गेला, पण घरातली भाषा आम्ही पडद्यासारखी वापरत राहिलो. साडीच्या दुकानात दुकानदारासमोर बसून 'महाग सांगतो, ऊठ' म्हणायचं, ते मराठीत. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर 'हें स्थळ नको' म्हणायचं, तेही मराठीत. चारचौघांत आमच्याइतकं बेधडक कोणी बोलत नसेल. हा पडदा कधी फाटेल, हे मनातही आलं नव्हतं.

"तें रक्ताचं सांगूं का?" बायकोने मला विचारलं.

"नको सांगू," मी म्हणालो. "पुसलं तेवढंच सांग."

पुढचाच प्रश्न आला. गेल्या दोन वर्षांत रक्ताच्या कुठल्या तपासणीत दोष निघाला होता का?

"आतां पुसलंच की," ती म्हणाली.

"नाही म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग तमिळमध्ये नाही म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली.

तीन आठवड्यांनी एजंट आला. या वेळी कॉफी नको म्हणाला.

"सार, तुम्ही घरी कुठली भाषा बोलता?"

"मराठी."

"कागद पुढच्या तपासणीला पुण्याला गेले होते," तो म्हणाला. "तिथल्या बाईंनी फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं. पुण्यातही तीच बोलतात म्हणे."

तो कुचेष्टेने बोलला नव्हता, म्हणून जास्त लागलं. पुण्यात मराठी बोलतात हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. पण ती भाषा आमच्या स्वयंपाकघराची, असं मी जन्मभर धरून चाललो होतो. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर खोटं बोलायला लावल्याची कमी, पकडलो गेल्याची जास्त.

अर्ज नाकारला गेला. त्यानंतर प्रत्येक कंपनीच्या अर्जात एक प्रश्न असायचा, की यापूर्वी तुम्हाला कोणी नाकारलं आहे काय? आता खरंच लिहायचं, असं बायकोने बजावलं. खरं लिहिलं की दोन महिन्यांनी नकार यायचा. एका कंपनीने मूत्रपिंड सोडून बाकी सगळ्या शरीराचा विमा देऊ केला. म्हणजे पाय मोडलेल्याला हातमोजे.

चौथा अर्ज पाठवला होता, तेव्हा तिच्या पर्समध्ये मला डॉक्टरांची चिठ्ठी दिसली. तिच्यावरच्या तारखांप्रमाणे दोन तपासण्या चुकल्या होत्या. मी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तपासलं तर आकडा येतो. आकडा आला कीं अर्जांत लिहावा लागतो. हा एक अर्ज होऊन जाऊं दे."

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. हाताला धरून तिला तपासायला न्यायला हवं होतं. मी चिठ्ठी पर्समध्ये परत ठेवली. आम्ही दोघं मिळून नकाराची वाट पाहत बसलो, आणि तो आला.

तिचे पाय सुजले तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. आकडा दुपटीच्या वर गेला होता. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून तमिळमध्ये विचारलं, "इतके महिने तुम्ही काय करत होता? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

माझं तोंड उघडायच्या आत ती बोलली. त्या फोनवर खोटं सांगावं लागलं म्हणून जिला नीट झोप लागत नव्हती, ती स्वच्छ तमिळमध्ये, ठणठणीत आवाजात म्हणाली, "त्यांना काही माहीत नाही, डॉक्टर. मीच त्यांच्यापासून लपवलं."

डॉक्टर मान हलवून लिहायला लागले. मी ते लिहू दिलं.